लॅपटॉपचं वायफाय सारखं अडतं, फोनचं मात्र नाही

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. घरचं वायफाय फोनवर छान चालतं, टीव्हीवर चालतं, आणि लॅपटॉपवर मात्र नको त्या वेळी अडतं. कोपऱ्यातलं चिन्ह पूर्ण भरलेलं असतं, शेजारी 'कनेक्टेड' लिहिलेलं असतं, तरी पान उघडत नाही. मीटिंगमध्ये आधी माझं चित्र गोठतं, मग आवाज तुटतो, मग मीच बाहेर फेकली जाते. कधी वायफाय बंद-चालू केल्यावर लगेच सुधारतं. कधी दहा-पंधरा मिनिटं कशानेच काही होत नाही आणि मग आपोआप ठीक.

करून झालेले उपाय: राउटर रिस्टार्ट, नेटवर्क 'फर्गेट' करून पासवर्ड पुन्हा टाकणं, आणि विंडोजचा ट्रबलशूटर. तो दर वेळी काही अडचण सापडली नाही असं सांगून मोकळा होतो.

लॅपटॉप विंडोज ११ वर आहे, फार जुना नाही. राउटर शेजारच्या खोलीत, मध्ये एकच भिंत. हल्ली वायरलेस माउसही अडखळतो, पण त्याचा सेल संपत आला असेल. राउटर बदलू की लॅपटॉप दुरुस्तीला टाकू?

सरळसोट

राउटर बदला. नेटच्या जोडणीबरोबर मिळणारे डबे काही वर्षांत थकतात. वायफाय ६ वाला चांगला घ्या आणि विसरून जा.

खडूस

फोन आणि टीव्ही त्याच डब्यावर नीट चालताहेत, हे पहिल्याच ओळीत आहे.

सरळसोट

वाचलंय. फोन कसल्याही राउटरशी जुळवून घेतात, लॅपटॉपची कार्डं नखरे करतात. चांगल्या राउटरपुढे नखरे चालत नाहीत, एवढंच म्हणणं.

तारवाला

थांबा जरा, खरेदीचं नंतर बघू. 'नेट गेलं' असं आपण म्हणतो तेव्हा त्यात निदान तीन वेगळे बिघाड असू शकतात. लॅपटॉप ते राउटर हा हवेतला दुवा तुटतो. किंवा राउटर ते बाहेरचं जग ही लाइन बसते. किंवा दोन्ही शाबूत असतात, पण साइटच्या नावावरून तिचा पत्ता सापडत नाही, म्हणजे डीएनएसचा घोळ. कोपऱ्यातलं चिन्ह यातल्या फक्त पहिल्याबद्दल बोलतं, तेही अर्धवट. राउटरचा आवाज लॅपटॉपला किती जोरात ऐकू येतोय एवढंच त्यातून कळतं. त्या आवाजातलं काही नीट समजतंय का, आणि लॅपटॉपचं म्हणणं राउटरपर्यंत पोचतंय का, हे कळत नाही.

तर आधी कुठला दुवा जातोय ते पकडू. कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' द्या. (कमांड मी इथे देवनागरीत लिहितोय, तुम्ही अर्थातच रोमनमध्ये टाइप करा.) 'डिफॉल्ट गेटवे' पुढे जो आकडा दिसेल, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा, तो तुमचा राउटर. आता दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडा. एकीत 'पिंग' (समोरच्याला हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते मोजणारी कमांड), राउटरचा आकडा आणि शेवटी 'डॅश टी', म्हणजे थांबवेपर्यंत हाका चालू. दुसरीत तेच, पण आकडा ८.८.८.८, तो बाहेरच्या जगातला गुगलचा सर्व्हर. दोन्ही चालू ठेवून रोजचं काम करत राहा. अडलं की कशालाही हात न लावता आधी त्या खिडक्या बघा.

दोन्ही गप्प झाल्या तर घोळ हवेत आहे. राउटर उत्तर देतोय आणि ८.८.८.८ गप्प आहे, तर लाइनवाल्यांना फोन लावा, लॅपटॉपचा संबंध नाही. दोन्हीकडून उत्तरं येताहेत आणि तरी पान उघडत नाही, तर डीएनएस, व्हीपीएन, अँटिव्हायरस यांच्याकडे वळायचं.

मिलिसेकंदांचे आकडेही बघा. एका भिंतीपलीकडचा राउटर दोन-चार, फार तर दहा मिलिसेकंदांत उत्तर देतो. मधूनच पन्नासचा एखादा आला तर सोडून द्या. सारखे शेकड्यांत जायला लागले तर हवेत गर्दी किंवा गोंगाट आहे.

मधली_सुट्टी

उत्तर न येण्याचेही प्रकार असतात, तेही टिपून ठेवा. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' म्हणजे विचारलं पण वेळेत उत्तर आलं नाही. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' पुढे तुमच्याच लॅपटॉपचा आकडा असेल, तर राउटर नेटवर्कवर सापडतच नाहीये. आणि 'जनरल फेल्युअर' म्हणजे बहुतेक वेळा खुद्द वायफाय कार्डच त्या क्षणी झोपलं किंवा सुटलं.

गॅजेटवेडा

एवढं कशाला? सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क रीसेट' आहे, ते करा. सोबत ड्रायव्हर अपडेट, बायॉस अपडेट, डीएनएस बदला, आयपीव्ही६ बंद करा. यातलं काहीतरी लागू पडतंच.

खडूस

पडतंच, आणि कुठलं लागू पडलं ते कळत नाही. महिन्याने पुन्हा अडलं की पुन्हा पहिल्यापासून पाच गोळ्या एकदम. शिवाय नेटवर्क रीसेटने साठवलेली सगळी नेटवर्कं आणि पासवर्ड उडतात, व्हीपीएनची सेटिंग्ज पुन्हा घालावी लागू शकतात. आणि आयपीव्ही६ ने काय वाकडं केलंय?

पाऊलवाट

दोन्ही खिडक्या दिवसभर चालू ठेवल्या. मीटिंगमध्ये अडलं तेव्हा दोन्हीकडे 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'च्या ओळी, मध्येच राउटरचं एखादं उत्तर, तेही ९०० किंवा १४०० मिलिसेकंदांनी. 'जनरल फेल्युअर' एकदाही नाही. त्याच वेळी हातातल्या फोनवर व्हिडिओ सुरळीत चालू होता. एरवी राउटर तीन-चार मिलिसेकंदांत उत्तर देतो.

अजून एक लक्षात आलं. अडायची वेळ साधारण तासातासाने येते. दर तासाला नाही, पण आली की तासाच्या आसपास.

तारवाला

उत्तम. म्हणजे लाइन सुटली, डीएनएसही सुटलं. घोळ लॅपटॉप आणि राउटर यांच्यामधल्या हवेत आहे, आणि कार्ड सुटत नाहीये, जोडलेलं असताना त्याला ऐकू येत नाहीये. हा फरक मोठा आहे. 'जनरल फेल्युअर' दिसलं असतं तर मी आधी वीज वाचवण्याच्या सेटिंगकडे गेलो असतो.

पुढची पायरी. 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस' ही कमांड एकदा सगळं ठीक असताना द्या आणि एकदा अडलेलं असताना. लोकेशनची परवानगी मागितली तर द्या. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्या ती मागतात, कारण आजूबाजूच्या वायफायवरून माणूस कुठे आहे ते कळू शकतं. बँड (वायफाय ज्या पट्ट्यात बोलतंय तो, २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झ), चॅनल (त्या पट्ट्यातली गल्ली), सिग्नलचा टक्का आणि रिसीव्ह रेट (माहिती येण्याचा वेग, सेकंदाला मेगाबिटमध्ये), एवढं इथे लिहा.

त्या टक्क्याचं गणित सोपं आहे: निम्मे करा आणि त्यातून १०० वजा करा, डीबीएम, म्हणजे सिग्नलच्या शक्तीचं माप, मिळतात. ८० टक्के म्हणजे उणे ६०, उत्तम. ६६ टक्के म्हणजे उणे ६७, आवाजी कॉलसाठी साधारण इथपर्यंत ठीक धरतात. ४० टक्क्यांना उणे ८०, तिथे मीटिंगची आशा सोडा. हे आकडे सरळ रेषेत चालत नाहीत. ३ डेसिबल कमी झाले की शक्ती निम्मी, १० झाले की दशांश.

मधली_सुट्टी

तासातासाने म्हणालात म्हणून सांगते. राउटर सगळ्यांना मिळून एक सामायिक किल्ली देतो आणि ती ठरावीक वेळाने बदलतो. 'ग्रुप की इंटरव्हल' किंवा 'रीकी' नावाचं सेटिंग असतं, आणि बऱ्याच राउटरवर ते ३६०० सेकंद, म्हणजे बरोबर एक तास असतं. एखाद्या कार्डाचा ड्रायव्हर त्या बदलाला वेळेत उत्तर देत नाही, मग राउटर त्याला काढून टाकतो. माझ्याकडे नेमकं हेच होतं. ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्याच्या साइटवरून नवा घेतल्यावर थांबलं.

तपासायला 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट' द्या, कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून. गेल्या तीन दिवसांचा अहवाल वेबपानाच्या रूपात तयार होतो. त्यात कधी जोडलं, कधी तुटलं आणि तुटण्याचं कारण काय, हे सगळं आलेखासकट असतं. इतकं उपयोगी साधन विंडोजने का लपवून ठेवलंय देव जाणे.

काळा_पडदा

माझाही प्रश्न इथेच घुसवतो. उबुंटूवर आहे. पिंग राउटरला केलं तर ३, ४, मग २००, मग ३, मग १५० असं नाचतं. तुटत नाही, पण एसएसएचने दूरच्या मशीनवर टाइप करताना अक्षरं उशिरा उमटतात. विंडोजमध्ये सुरू केला तर हाच लॅपटॉप गुळगुळीत.

खडूस

पॉवर सेव्ह. कार्ड डुलक्या घेतंय. राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा बीकन, म्हणजे 'मी इथे आहे' अशी हाक, पाठवतो, झोपलेलं कार्ड तेवढ्यापुरतं जागं होऊन आपल्यासाठी काही आहे का बघतं, तोवर पाकीट (माहितीचा तुकडा) राउटरपाशी पडून राहतं. म्हणून तुमचे आकडे शंभर-दोनशेच्या घरात उडताहेत. 'आयडब्ल्यू' कमांडने पॉवर सेव्ह 'ऑफ' करून बघा, लगेच फरक दिसेल. दिसला तर ते कायमचं करायला नेटवर्कमॅनेजरच्या 'कॉन्फ.डी' फोल्डरमधल्या 'डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन' फाइलीत ३ चे २ करा. २ म्हणजे बंद, ३ म्हणजे चालू. कुणी ठरवलं हे विचारू नका.

काळा_पडदा

झालं. सगळे ३ आणि ४. बॅटरीत म्हणण्यासारखा फरक नाही. आभार, धागा परत करतो.

पाऊलवाट

आकडे आणलेत. ठीक असताना: ५ गिगाहर्ट्झ, चॅनल १००, सिग्नल ७८ टक्के, रिसीव्ह रेट ६५० च्या आसपास. अडलेलं असताना: २.४ गिगाहर्ट्झ, चॅनल ६, सिग्नल ९१ टक्के, रेट १३.

सिग्नल वाढलेला असताना काम बिघडतं, हे काय गौडबंगाल?

अहवालही काढला. तासातासाला तुटल्याची नोंद नाही. पण दिवसातून एखाद-दुसऱ्या वेळी ५ वरचा संपर्क गेला आणि लगेच २.४ वर जोडला गेला अशी नोंद आहे. त्यानंतर तासन् तास तो २.४ वरच असतो. मी वायफाय बंद-चालू केलं की कधी ५ वर परत येतो, कधी पुन्हा २.४.

मधली_सुट्टी

मग किल्लीचा संशय मागे घेते. किल्लीवरून काढलं असतं तर तुटल्याच्या नोंदी तासाच्या काट्यावर दिसल्या असत्या.

सरळसोट

२.४ बंदच करून टाका ना राउटरमधून. कटकट संपली.

रात्रपाळी

घरात स्मार्ट प्लग, दारावरचा कॅमेरा, प्रिंटर असं काही असेल तर ते सगळं बंद पडेल. त्यातली बरीच उपकरणं फक्त २.४ च बोलतात. आणि लांबच्या खोलीत ५ चा जोर ओसरतो, तिथे २.४ च कामाला येतो.

तारवाला

गौडबंगाल नाही, २.४ च्या लहरी भिंतीत कमी अडतात, म्हणून टक्का जास्त. पण टक्का म्हणजे आवाजाचा जोर. शेजारी मिक्सर चालू असेल तर समोरचा कितीही जोरात बोलला तरी शब्द कळत नाहीत. विंडोज जोर दाखवतं, मिक्सर दाखवत नाही. मॅकवर ऑप्शन कळ दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं तर गोंगाटाचा आकडाही दिसतो. विंडोजमध्ये तो रिसीव्ह रेटवरून ओळखावा लागतो: ९१ टक्के जोर असून रेट १३ वर आलाय, म्हणजे गोंगाट भयंकर आहे.

आता दोन वेगळे प्रश्न झाले. लॅपटॉप ५ वरून खाली का येतो, आणि २.४ वर एवढा गोंगाट कसला.

पहिल्याचं उत्तर तुमच्या चॅनल १०० मध्ये आहे. ५ गिगाहर्ट्झच्या या भागात वायफायच्या आधीपासून हवामानाची आणि इतर रडारं आहेत. २००३ मधल्या जागतिक रेडिओ परिषदेत वायफायला इथे जागा मिळाली ती रडारला त्रास न देण्याच्या अटीवर. म्हणून ५२ पासून १४४ पर्यंतच्या चॅनलवर राउटरने रडारसाठी कान देऊन बसायचं, रडारसारखं काही ऐकू आलं की दहा सेकंदांत चॅनल सोडायचा आणि तिथे अर्धा तास परतायचं नाही. नव्या चॅनलवरही तीच अट असेल तर आधी साठ सेकंद नुसतं ऐकायचं आणि मगच बोलायचं. तेवढ्या वेळात तुमचं ५ चं नेटवर्क गायब असतं. लॅपटॉप बिचारा त्याच नावाचं २.४ पकडतो. एकदा पकडलं, जोर ९१ टक्के दिसला, की ड्रायव्हरला तिथून हलायचं कारण उरत नाही. तुम्ही बंद-चालू करता तेव्हा ५ परत आलेलं असेल तर तिकडे जातो, नसेल तर नाही. तुमचं 'कधी सुधारतं, कधी नाही' ते हेच.

खरं रडार असायलाच हवं असंही नाही. राउटर पुष्कळदा भलत्याच स्पंदनांना रडार समजतात. राउटरच्या पानावर सिस्टिम लॉग असेल तर त्यात 'रडार डिटेक्टेड' किंवा 'डीएफएस' (या रडारच्या नियमाचं नाव) शोधा.

उपाय: ५ चा चॅनल 'ऑटो'वरून काढून ३६ ते ४८ पैकी एक द्या. बहुतेक देशांत त्या चौघांवर रडारची अट नाही.

दुसऱ्याचं उत्तर अजून माहीत नाही. टेबलावर लॅपटॉपला काय काय जोडलेलं असतं?

गॅजेटवेडा

गोंगाट शेजाऱ्यांचा असेल. २.४ मध्ये चॅनल तेरा दिसले तरी एकेक चॅनल २० मेगाहर्ट्झ रुंद आणि दोन चॅनलमध्ये अंतर फक्त ५ चं, त्यामुळे एकमेकांवर न चढणारे तीनच: १, ६, ११. चॅनल बदलून बघा.

खडूस

चला, गॅजेटवेडे आज बरोबर बोलले. पण शेजाऱ्यांच्या गर्दीत फोनही अडला असता. फोन त्याच २.४ वर असेल तर.

पाऊलवाट

होय, तपासलं. लॅपटॉप अडलेला असताना फोनही २.४ वरच होता आणि नीट चालू होता. लॉगमध्ये 'रडार डिटेक्टेड' आहे! कालचीच नोंद, आणि तीच वेळ लॅपटॉपच्या अहवालातही आहे.

टेबलावर: एक यूएसबी हब, लॅपटॉपच्या डाव्या बाजूला चिकटूनच. त्यात मॉनिटर, कीबोर्ड, बॅकअपची बाहेरची डिस्क आणि माउसचा छोटा रिसीव्हर. माउसचा सेल बदलला, तरी तो अडखळतोच.

तारवाला

माउस! पहिल्याच पोस्टमध्ये होता की.

तो छोटा रिसीव्हरही २.४ गिगाहर्ट्झवरच बोलतो. म्हणजे वायफाय आणि माउस दोघंही एकाच पट्ट्यात आणि एकाच वेळी बहिरे होताहेत. माझा संशय डिस्कवर आहे. यूएसबी ३ वर माहिती सेकंदाला ५ गिगाबिट या वेगाने धावते आणि त्या संकेताची ऊर्जा थेट ५ गिगाहर्ट्झपर्यंत पसरलेली असते, २.४ चा पट्टा त्याच्या अगदी मध्यात. जोडणी, केबल, डिस्कची पेटी यांतून ती बाहेर गळते. इंटेलने २०१२ मध्ये यावर एक कागदच काढला होता. त्यांच्या मोजणीत यूएसबी ३ ची डिस्क जोडल्यावर २.४ च्या पट्ट्यातला गोंगाट सुमारे २० डेसिबलने चढला. २० डेसिबल म्हणजे शंभरपट.

लॅपटॉपचे वायफायचे अँटेना बहुधा पडद्याच्या कडेने बसवलेले असतात. हब पडद्याच्या बाजूला चिकटून, म्हणजे गोंगाट कानाशी. फोन हातात, टेबलापासून दोन हात लांब, त्याला काही नाही. आणि ५ गिगाहर्ट्झवर हा त्रास जवळजवळ नसतो, म्हणून जोवर लॅपटॉप चॅनल १०० वर होता तोवर सगळं सुरळीत.

तासातासाने का, हेही सांगतो का बघा: बॅकअप कशाने घेता?

पाऊलवाट

विंडोजच्या फाइल हिस्टरीने. सेटिंग उघडून बघितलं, 'एव्हरी अवर' आहे.

मधली_सुट्टी

तास तिथून आला! मी उगाच किल्लीच्या मागे लागले होते.

खडूस

पुरावा घ्या आधी. लॅपटॉप मुद्दाम २.४ वर ठेवा, राउटरला पिंग चालू करा आणि डिस्कवर एखादी मोठी फाइल कॉपी करा. मग डिस्क काढून तीच चाचणी. दोन्हीत फरक नसेल तर तारवाल्यांची गोष्ट छान होती एवढंच.

पाऊलवाट

फरक आहे! कॉपी सुरू केल्याबरोबर पिंग ३ वरून १२०० वर, मग टाइम्ड आउट. माउसचा बाणही उड्या मारायला लागला. कॉपी थांबवली, डिस्क काढली, पुन्हा ३. पुन्हा लावून पाहिली, पुन्हा तेच. मग लांब केबल लावून हब टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवला, पडद्यापासून निदान हातभर दूर. तिथे कॉपी चालू असताना पिंग २० ते ४०, एकही टाइम्ड आउट नाही.

राउटरमध्ये ५ चा चॅनल ३६ करून ठेवलाय.

तारवाला

हबची जागा तीच ठेवा. माउसचा रिसीव्हर हबमधून काढून लॅपटॉपच्या उजव्या बाजूच्या पोर्टमध्ये लावा, साध्या यूएसबी २ च्या पोर्टमध्ये मिळाला तर आणखी छान. डिस्कची केबल स्वस्तातली असेल तर चांगल्या शील्डिंगची घ्या, पुष्कळदा सगळी गळती तिथूनच असते. आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या 'ॲडव्हान्स्ड' खणात 'प्रिफर्ड बँड' असेल तर ५ निवडा. हे सेटिंग सगळ्याच ड्रायव्हरांत नसतं. नसेल तर राउटरमध्ये दोन्ही बँडना वेगळी नावं देऊन लॅपटॉपला फक्त ५ चं नाव शिकवा, आणि २.४ चं 'फर्गेट' करा.

तिथेच 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये वीज वाचवायला कार्ड बंद करण्याची परवानगी देणारी चौकट दिसेल. तुमच्या बाबतीत तिचा दोष नव्हता, पण झोपेतून उठल्यावर वायफाय गायब होणाऱ्यांनी तिथली खूण काढून बघावी.

खडूस

आणि त्याच मंडळींसाठी: विंडोजमध्ये 'शट डाउन' म्हणजे पूर्ण बंद नव्हे. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि अडकलेला ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा उठतो. 'रिस्टार्ट' केलं तरच तो खरा नव्याने सुरू होतो. रोज रात्री बंद करतो असं सांगणाऱ्यांना मी हे सांगून थकलोय.

रात्रपाळी

माझ्याकडे जरा वेगळं आहे. राउटरचं पिंग कायम ३-४, पण मोबाइलमधले फोटो क्लाउडवर चढायला लागले की ८.८.८.८ चं पिंग ६०० वर जातं आणि लॅपटॉपवरची मीटिंग कोलमडते. सगळे वायफायलाच दोष देतात.

तारवाला

ते वायफाय नाही. अपलोडची लाइन भरली की राउटर किंवा मोडेम पाकिटं टाकून देण्याऐवजी लांबच लांब रांगेत उभी करतो, आणि मीटिंगचं पाकीट त्या रांगेत फोटोंच्या मागे अडकतं. याला बफरब्लोट म्हणतात. राउटरमध्ये 'एसक्यूएम' किंवा 'एफक्यू-कोडेल' असा रांग आटोक्यात ठेवणारा पर्याय असेल तर चालू करा आणि अपलोडची मर्यादा लाइनच्या खऱ्या वेगाच्या थोडी खाली ठेवा, नव्वद टक्क्यांपासून सुरुवात करा. वेग किंचित घटेल, पण रांग तुमच्या ताब्यात येईल. पर्याय नसेल तर फोटो रात्री चढवायला लावा.

सरळसोट

इथे तरी नवा राउटर चालेल की नाही?

तारवाला

इथे चालेल. एसक्यूएम असलेला बघून घ्या म्हणजे झालं, वायफाय ६ आहे की ७ याने या रांगेला काही फरक पडत नाही.

कडीकोयंडा

उशिरा आलो. माझ्या लॅपटॉपचा पडदा ठरावीक कोनात असला की सिग्नल ८५ टक्के, जरा मागे ढकलला की ३०. थोडंफार कमीजास्त समजू शकतो, पण एवढं? कार्ड बदलू का?

तारवाला

थोडंफार सगळ्यांचंच होतं. ५ गिगाहर्ट्झची लहर जेमतेम सहा सेंटिमीटरची असते, लॅपटॉप चार बोटं सरकवला तरी भिंतींवरून परतलेल्या लहरी वेगळ्या जुळतात आणि आकडा हलतो. पण कोनाबरोबर ८५ चे हुकमी ३० होणं म्हणजे तारेचं काम. पडद्यातल्या अँटेनापासून दोन बारीक तारा बिजागरीतून खाली कार्डापर्यंत येतात आणि टिचकीच्या बटणासारख्या चिमुकल्या जोडांनी कार्डावर बसतात. जोड सुटला असेल किंवा बिजागरीत तार चिरडली असेल. कार्ड बदलून तार सुधारणार नाही. आधी खालचं झाकण उघडून दोन्ही जोड नीट बसलेत का ते बघा, बॅटरीची जोडणी सोडवून मगच. वॉरंटीत असेल तर उघडू नका.

आणि पुढेमागे कार्ड घ्यायची वेळ आलीच तर नावाची दोन अक्षरं जुळली म्हणून घेऊ नका. एएक्स२०० आणि एएक्स२०१ दिसायला जुळी भावंडं, पण २०१ अर्धंच कार्ड आहे, त्याचा उरलेला भाग ठरावीक इंटेल प्रोसेसरांसोबतच येतो. दुसऱ्या मशीनमध्ये घातलं तर ते नुसतं बसतं, दिसत नाही.

कडीकोयंडा

झाकण उघडलं. काळ्या तारेचा जोड कार्डावर नुसता टेकलेला होता. दाबून बसवला, आता पडदा कसाही फिरवला तरी ८० च्या खाली जात नाही.